दुखणं दर महिन्याला, पाळी मात्र नाही

नमस्कार श्रोतेहो. नागपुरात एप्रिल-मे लागला की पोटदुखीचं कारण घरोघरी ठरलेलं असतं, ऊन लागलं! लेकीनं "आई, पोट दुखून राहिलं" म्हटलं की पन्ह्याचा पेला पुढे येतो. पन्हं जरूर द्या. पण मुलगी 13-14 वर्षांची असेल तर तिला एक विचारा : असंच मागच्या महिन्यातही दुखलं होतं का?

बहुतेकींचं दुखणं पाळीचंच असतं. गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्यानं गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात, कमरेत कळा येतात. उलटी, जुलाबही होतात. मुलगी नाटक करत नसते हो! डॉक्टरांनी दिलेली मेफेनामिक ॲसिडसारखी गोळी काहीतरी खाऊन, कळ सुरू होताच घ्यावी. अशा गोळीनं पुढे मूल होत नाही, ही भीती मनातून काढून टाका. गोळ्या घेऊनही दोन-तीन महिने दर पाळीला शाळा बुडत असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं, तर नाही ना, हे तपासावं लागतं.

आता जे सहज निसटतं ते सांगते. मुलीची वाढ व्यवस्थित आहे, पाळी अजून आलेली नाही, पण दर महिन्याला चार दिवस ओटीपोट दुखतं. कधी लघवीच अडते, सगळे मुतखडा शोधत बसतात. अशा वेळी योनीमुखावरचा पडदा पूर्ण बंद असू शकतो. पाळी येत असते, रक्त आतच साठत असतं. छोट्या शस्त्रक्रियेनं वाट मोकळी होते. दुखत नसलं, तरी 15 वर्षांपर्यंत पाळी आली नाही तर तपासणी हवीच.

आणि एक दुखणं सकाळपर्यंत थांबण्याचं नाही. अचानक एका बाजूला जबर कळ, सोबत उलट्या. अपेंडिक्स असेल, किंवा अंडाशयाला पीळ पडला असेल. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो, वेळेत सोडवला तर अंडाशय वाचतं. पाळी चुकली असेल तर गर्भाची शक्यताही असते. हे डॉक्टरांना तिच्याशी एकांतात बोलू द्या, तिला रागावू नका.

मेडिकल किंवा मेयो या आपल्या नागपुरातल्या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत रात्रीच न्या, 108 वर फोन करा. शेवटच्या पाळीची तारीख सांगा. आणि निघताना तिला काही खाऊ-पिऊ घालू नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं.