अधिकार वरून दिलेला

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेला बसलो होतो. हिशेब वाचून झाला आणि मागच्या बाकावरच्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, "इमारत निधीचा खर्च पुन्हा एकदा सांगाल का?" प्रश्न एवढाच होता. उत्तरादाखल व्यासपीठावर पवित्र शास्त्र उघडलं गेलं आणि रोमकरांस पत्राच्या १३व्या अध्यायाची पहिली दोन वचनं वाचली गेली. देवापासून नाही असा अधिकार नाही, जे अधिकार आहेत ते देवाने नेमलेले आहेत, आणि जो अधिकाराला आड येतो तो देवाच्या व्यवस्थेला आड येतो. बाई खाली बसल्या. आम्ही सगळे गप्प राहिलो. मीही.

त्या गप्प राहण्याची खंत मनात आहे, म्हणून आज याच वचनांविषयी बोलायचं ठरवलं. ख्रिस्ती विश्वासात ऐहिक सत्ता आणि आध्यात्मिक सत्ता यांची जागा कोणती?

सुरुवात नाण्यापासून करू. धर्मनियम काटेकोर पाळणारे परुशी आणि हेरोद राजाच्या बाजूचे हेरोदी येशूकडे येऊन विचारतात, कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर देणं योग्य आहे की नाही? येशू म्हणतो, एक नाणं आणून दाखवा. त्याच्या स्वतःजवळ ते नाही, विचारणाऱ्यांकडे मात्र आहे! त्या काळी चलनात असलेल्या तिबिर्य कैसराच्या दिनारावर त्याची मुद्रा असे आणि भोवती लेख असे, 'दैवी ऑगस्टसचा पुत्र'. दुसऱ्या बाजूला लिहिलेलं असे, 'महायाजक'. म्हणजे त्या बोटभर चांदीवर एकच माणूस राजाही होता, देवपुत्रही होता आणि याजकही. येशू विचारतो, "ही मुद्रा कोणाची?" ते म्हणतात, "कैसराची." मग तो म्हणतो, कैसराचं कैसराला द्या आणि देवाचं देवाला द्या.

हे उत्तर पुष्कळदा वाटणीपत्रासारखं वाचलं जातं. इतकं सरकारचं, इतकं देवळातलं. पण ज्यांनी लहानपणापासून शास्त्रातल्या उत्पत्ती पुस्तकाचा पहिला अध्याय ऐकला होता त्यांना 'मुद्रा', म्हणजे प्रतिमा, म्हटल्यावर काय आठवलं असेल? देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं. नाण्यावर कैसराचा ठसा आहे, तर नाणं त्याला परत द्या. माणसावर ठसा कोणाचा आहे? तो माणूस कैसराच्या तिजोरीत जमा करता येत नाही. कर भरायला येशू नाही म्हणत नाही, पण नाण्यावरचे उरलेले दोन दावे मात्र तो कैसराकडून काढून घेतो.

आता प्रेषित पौलाचं पत्र, सभेत वाचलेलं तेच रोमकरांस पत्र. साधारण इसवी सन ५७चा सुमार, रोमच्या गादीवर नीरो, वय अजून वीसच्या आसपास. पौलाने लिहिलं तेव्हा या पत्राला अध्याय नव्हते, ते पुष्कळ शतकांनंतर पाडले गेले. म्हणून १३व्याच्या आधी बाराव्याचा शेवट वाचावा लागतो. सूड घेऊ नका, वाइटाने जिंकले जाऊ नका, तर बऱ्याने वाइटाला जिंका. हे वाक्य संपतं आणि अधिकाऱ्यांचा विषय निघतो. अधिकाऱ्याला तिथे पौल 'देवाचा सेवक' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', ज्यावरून आपण मंडळीतल्या डीकनला डीकन म्हणतो. आणि सेवक कशासाठी? 'तुझ्या हितासाठी'. चौथ्या वचनात हे स्पष्ट लिहिलंय.

मला इथे 'नेमलेले' हा शब्द फार मोलाचा वाटतो. नेमलेला माणूस मालक नसतो. ज्याने नेमलं त्याला त्याने जाब द्यायचा असतो आणि काम ठरवून दिलेलं असतं. रोमच्या सम्राटाला देवासारखं पूजलं जात असताना त्याला देवाचा नोकर म्हणणं ही खुशामत नव्हती. रोमन सुभेदार पिलातापुढे उभा असलेला येशू हेच सांगतो. पिलात म्हणतो, तुला सोडण्याचा आणि वधस्तंभावर खिळण्याचा अधिकार मला आहे. येशू म्हणतो, तो वरून दिलेला नसता तर तुला माझ्यावर काहीच अधिकार नसता. ज्याच्या हातांना दोऱ्या बांधल्या आहेत तो सुभेदाराला त्याच्या अधिकाराचा उगम सांगतो आहे. योहानाने हे शांतपणे लिहून ठेवलंय, आणि मी वाचताना दरवेळी इथे थांबतो.

पौल स्वतः कसा वागला तेही बघा. फिलिप्पै शहरात त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक असताना चारचौघांत मारलं, आणि आता चोरून बाहेर काढता? ते नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले. अधीन राहणं म्हणजे अन्यायाची विचारपूस न करणं, असं पौलाला वाटत असतं तर तो त्या पहाटे निमूट चालू लागला असता.

येशूचा शिष्य पेत्र याचं सुप्रसिद्ध वाक्य 'प्रेषितांची कृत्यं' या पुस्तकात आहे, "आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे." हे वाक्य आपण जुलमी राजांच्या संदर्भात घेतो. पण पेत्र ते कोणापुढे बोलला? महायाजक आणि न्यायसभेपुढे. धर्माच्या पीठासनापुढे! 'माणसं' या शब्दात तेव्हा धर्माधिकारीही आले होते. आध्यात्मिक अधिकार प्रश्नाच्या वर असतो, ही समजूत इथेच खाली पडते.

पुढच्या इतिहासात दोन्ही अधिकारांची ओढाताण आहे. सुमारे १५५ साली स्मुर्णा शहराचा वृद्ध बिशप पॉलिकार्प प्रांताधिकाऱ्यापुढे उभा राहिला. कैसराची शपथ घे, सोडतो, असं त्याला सांगण्यात आलं. तो म्हणाला, ८६ वर्षं मी ख्रिस्ताची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, माझ्या राजाची निंदा कशी करू? पण त्याच चौकशीत तो असंही म्हणाला की देवाने नेमलेल्या अधिकाऱ्यांना योग्य तो मान द्यावा अशीच आम्हाला शिकवण आहे. मान देईन, शपथ घेणार नाही. त्याच्या बोलण्यात रोमकरांस पत्राचा सूर ऐकू येतो, आणि तो जाळला जाणार आहे हे त्याला ठाऊक आहे.

मग ३८० साली हाच विश्वास साम्राज्याचा धर्म झाला आणि प्रश्न उलटा फिरला. ३९० मध्ये थेस्सलनीकात जमावाने एका सेनाधिकाऱ्याला मारलं. सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने तिथे मोठी कत्तल झाली. मिलानच्या बिशप अँब्रोजने त्याला पत्र लिहून कळवलं, पश्चात्ताप केल्याशिवाय तुझ्यासमोर मी वेदीवर अर्पण करणार नाही. सम्राटाने राजचिन्हं उतरवून लोकांसमोर प्रायश्चित्त घेतलं. ही गोष्ट प्रवचनांतून अभिमानाने सांगितली जाते आणि सांगायलाच हवी. पण दोनच वर्षांपूर्वीची दुसरी गोष्टही सांगायला हवी. कल्लिनिकम गावात ख्रिस्ती जमावाने यहुद्यांचं सभास्थान जाळलं होतं. ते तिथल्या बिशपने बांधून द्यावं असा सम्राटाचा हुकूम होता. तो मागे घ्यायला लावणाराही अँब्रोजच होता. त्या दिवशी न्याय सम्राटाच्या बाजूला होता आणि अन्याय वेदीजवळ उभा होता. एकाच माणसाकडून दोन्ही घडलं, म्हणून मी कुठल्याच पीठाला कायमचं बरोबर मानत नाही.

त्यानंतर ४९४ मध्ये पोप गेलासियसने सम्राटाला लिहिलं की जगाचा कारभार दोन गोष्टींनी चालतो, याजकांचा पवित्र अधिकार आणि राजांची सत्ता. १०७७ च्या जानेवारीत जर्मनीचा राजा हेन्री चौथा पोप ग्रेगरी सातव्याची क्षमा मागायला इटलीतल्या कनोसा किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस अनवाणी उभा राहिला. १०८४ मध्ये त्याच राजाने रोम घेतलं आणि तोच पोप ग्रेगरी पुढच्या वर्षी परागंदा अवस्थेत वारला. कोण जिंकलं याची यादी करण्यात मला रस नाही. येशूने शिष्यांना सांगितलं होतं, परराष्ट्रीयांचे अधिपती त्यांच्यावर सत्ता चालवतात, तुमच्यामध्ये तसं नाही. तलवारीसाठी भांडणारी मंडळी हे वाक्य विसरलेली होती.

पौल आणखी एका प्रकारच्या सत्तेबद्दल बोलतो. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, तर सत्ता, अधिकार, या काळोखातील जगाचे अधिपती यांच्याबरोबर आहे, असं इफिसकरांस पत्रात आहे. कोणी यांना दुरात्मे समजतं, कोणी संस्थांच्या आत शिरणारी वृत्ती समजतं. मला दोन्ही वाचनांतून एक आधार मिळतो. समोरचा माणूस शत्रू नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला भीतीने किंवा लोभाने पकडलेलं असू शकतं, आणि तोही देवाच्या प्रतिरूपातलाच असतो. म्हणून नाझी राजवटीतल्या जर्मनीत ३१ मे १९३४ रोजी बार्मेन इथे जमलेल्या सुवार्तिक ख्रिस्ती प्रतिनिधींनी शासनाला शिव्या दिल्या नाहीत. न्याय आणि शांती राखण्याचं काम देवाने शासनाला दिलंय हे त्यांनी मान्य केलं, आणि माणसाच्या सगळ्या आयुष्याची एकमेव व्यवस्था होण्याचा दावा नाकारला. सांगायला खेद वाटतो की यहुद्यांवरच्या छळाबद्दल त्या निवेदनात एक शब्दही नव्हता.

राजांसाठी प्रार्थना करा, असं पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आहे. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती ती करत होते, छळ चालू असतानाही. सम्राटाला दीर्घायुष्य मागत होते. ती प्रार्थना सम्राटाला केलेली मात्र नव्हती, देवाला केलेली होती. ज्याच्यासाठी आयुष्य मागावं लागतं तो स्वतः देणारा नसतो, हे शेजारच्या कोणालाही कळण्यासारखं होतं.

त्या वार्षिक सभेत वाचन दुसऱ्या वचनाशी थांबलं होतं. आणखी दोन वचनं वाचली असती तर 'तुझ्या हितासाठी देवाचा सेवक' हे शब्द आले असते, आणि आठव्या वचनापर्यंत गेलो असतो तर, कोणाच्या ऋणात राहू नका. त्या बाईंचं एक उत्तर आम्ही देणं लागत होतो. त्या आता हयात नाहीत, आणि ते उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही.

नमस्कार.