यादी कोणी लिहिली?

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरमध्ये बसून फुटबॉलवर बोलायचं म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात उभं राहून 'आज माझा उपास आहे' असं सांगण्यासारखं आहे. लोक आधी हसतात. पण सराफ्यात साबुदाण्याची खिचडीही मिळते, आणि या क्रिकेटवेड्या गावात फुटबॉलचे भक्तही आहेत. महूची छावणी हाकेच्या अंतरावर, तिथल्या फौजी मैदानांवर हा खेळ जुना. आणि आता मोबाइलवर रात्री साडेबाराचा सामना बघून सकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी पोह्यांच्या गाडीवर येणारी पोरं राजेंद्रनगरात, सुदामानगरात गल्लोगल्ली सापडतील. आजचं बोलणं त्यांच्यासाठी, आणि रात्री त्यांच्यावर ओरडणाऱ्या त्यांच्या आईवडिलांसाठीही. विषय एवढाच, की सामना हरल्यावर जाब नेमका कोणाला विचारायचा, खेळणाऱ्याला की संघाची यादी लिहिणाऱ्याला?

10 जून 2025 चा भारत-हाँगकाँग सामना आठवा. आशिया चषकाची पात्रता फेरी, काई ताक स्टेडियम, 0-0 आणि इंज्युरी टाइम चालू. एक उंच चेंडू आपल्या गोलसमोर आला. गोलकीपर विशाल कैथ पुढे झेपावला, ठोसा मारायला गेला, चेंडू हुकला आणि समोरचा खेळाडू आडवा झाला. पेनल्टी, गोल, खेळ खलास. पुढच्या पाच मिनिटांत आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कैथला घरी पाठवून झालं होतं. एकानं तर त्याच्या तिकिटाचीही सोय केली.

आता हा कैथ कोण? 2024-25 च्या आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मोहन बागान क्लबाकडून 15 सामन्यांत त्यानं एकही गोल होऊ दिला नव्हता. सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्ह त्याचाच. म्हणजे त्या दिवशी देशातला सर्वांत फॉर्मात असलेला गोलकीपर गोलात उभा होता. निवड चोख होती आणि एक ठोसा हुकला. आपण प्रेक्षक हे दोन हिशेब एकाच वहीत लिहितो. शिवाय त्याच सामन्याच्या पहिल्या हाफमध्ये आपल्याच आशिक कुरुनियननं समोर गोल उघडा असताना चेंडू बाहेर मारला होता. तो आत गेला असता तर कैथच्या ठोशाची एवढी चर्चाच झाली नसती. गोलकीपरचं नशीबच असं, त्याच्या मागे कोणी नसतं.

मला त्या संध्याकाळी राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. भारताचे प्रशिक्षक मनोलो मार्केझ हे त्या मोसमभर एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. एका माणसाला राष्ट्रीय संघ आणि क्लब दोन्ही, आणि हे भारतीय फुटबॉल महासंघानं उघड्या डोळ्यांनी मान्य केलेलं. त्यांच्या कारकिर्दीत भारत आठ सामने खेळला. जिंकला एक, मालदीवशी. जुलैत ते परस्पर संमतीनं गेले. बरं, गेले. पण ही व्यवस्था कोणाच्या डोक्यातून निघाली, तिचा काय उपयोग झाला, हे महासंघाला कोणी विचारलं? कैथला मात्र सगळ्यांनी विचारलं.

असं होतं याचं कारण साधं आहे. खेळाडूची चूक टीव्हीवर दहा वेळा स्लो मोशनमध्ये दिसते. निवडीची बैठक कोणी दाखवत नाही.

आणि जे दहा वेळा दिसतं तेही खरं असेलच असं नाही. 2018 ची चॅम्पियन्स लीग फायनल, किएव्हमध्ये, रेआल माद्रिद आणि लिव्हरपूल. लिव्हरपूलचा गोलकीपर लोरिस कारिउस यानं चेंडू हातानं टाकला तो थेट माद्रिदच्या बेंझेमाच्या पायावर, आणि पुढे माद्रिदच्याच बेलचा लांबून आलेला फटका त्याच्या हातातून सुटून आत गेला. 3-1. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की सामन्यात डोक्याला मार बसून त्याला कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालेलं होतं, आणि त्याचा खेळावर परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. तोवर निकाल लागून गेला होता. क्लबनं पुढे काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. त्याच जुलैत भरपूर पैसे मोजून गोलकीपर अलिसनला आणलं आणि ऑगस्टमध्ये कारिउसला तुर्कस्तानच्या क्लबात पाठवलं. पुढच्या वर्षी चषक लिव्हरपूलकडे. प्रशिक्षकाच्या हातातलं उत्तर त्यानं यादी लिहून दिलं. ते कठोर होतं, पण त्यात शिवी नव्हती.

म्हणजे मी खेळाडूला सगळं माफ करा म्हणतोय का? मुळीच नाही. पाय चुकला तर मी गप्प बसतो, पण डोकं फिरलं तर नाही.

आपल्याकडे रोनाल्डोचे भक्त उदंड आहेत, त्यांनी हे थोडं सांभाळून ऐकावं. 19 ऑक्टोबर 2022 ला टॉटनहॅमविरुद्ध मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षकानं त्याला शेवटच्या मिनिटांत बदली खेळाडू म्हणून उतरायला सांगितलं. तो उतरला नाही, आणि सामना संपायच्या आत निघून गेला. पुढच्या चेल्सीविरुद्धच्या सामन्यात त्याचं नाव संघात नव्हतं. माझ्या मते शंभर टक्के योग्य. त्यानं पेनल्टी घालवली असती तर मी त्याच्या बाजूनं भांडलो असतो. पण आपली गरज नसताना बाकावर बसणं हे कामाचाच भाग आहे, आणि ते ज्याला जमत नाही त्यानं जाब द्यावा, मग नाव केवढंही असो.

तीच फूटपट्टी घरच्या माणसाला लावतो. 9 ऑक्टोबर 2025, सिंगापूरमध्ये भारताचा सामना. दुसरा हाफ सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे लाल. एका गोलनं मागे आणि माणसं दहा. रहीम अलीनं 90 व्या मिनिटाला बरोबरी साधून दिली म्हणून निभावलं. पण निलंबनामुळे पुढचा सामना झिंगन खेळू शकला नाही. तो मडगावला 14 ऑक्टोबरला झाला, आपण 1-2 हरलो, आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. झिंगननं या संघासाठी किती घाम गाळलाय ते मला ठाऊक आहे. तरीही एक पिवळं कार्ड खिशात असताना कसं खेळायचं, हे एवढ्या अनुभवी बचावपटूला आम्ही सांगायला नको.

रोनाल्डोच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती मला जास्त आवडते. त्याच वर्षी 6 डिसेंबरला विश्वचषकात पोर्तुगालचे प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांनी स्वित्झर्लंडविरुद्ध त्याला बाकावर बसवलं. त्याच्या जागी आलेल्या गोन्सालो रामोसनं तीन गोल ठोकले, सामना 6-1. चार दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तोच निर्णय, आणि पोर्तुगाल 0-1 हरून बाहेर. आठवड्याच्या आत सांतोस पदावरून गेले. निर्णय त्यांचा, वाहवाही त्यांची आणि नोकरीही त्यांची गेली. हा व्यवहार निर्दय असेल, पण स्वच्छ आहे.

निवडीतला धोका पत्करणारा माणूस आपल्याकडेही होऊन गेला. भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. 1962 चे जकार्ता आशियाई खेळ. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून 0-2 मार. मग थायलंडला हरवलं, पण त्यात बचावाचा कणा जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. आता या माणसाला खेळवायचं का? आणि कुठं? रहीमसाहेबांनी उपांत्य सामन्यात त्याला चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला! टाके घातलेल्या डोक्याच्या माणसाला! आजच्या डॉक्टरांनी हे होऊ दिलं नसतं, आणि त्यांचंच बरोबर ठरलं असतं. पण तेव्हा तो उतरला आणि त्यानं गोल केला. अंतिम सामना पुन्हा कोरियाशी. स्टेडियम आपल्या विरोधात खच्चून भरलेलं, कारण इस्रायल आणि तैवानला खेळांपासून दूर ठेवल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्यानं घेतलेल्या हरकतीनं यजमान चिडले होते. गोलात आणखी एक जुगार. आधीचे सामने प्रद्युत बर्मन खेळला होता, पण रहीमसाहेबांनी तापातून उठलेल्या उंचापुऱ्या थंगराजला उभं केलं. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नेलसिंगचा एक, 2-1, सुवर्णपदक. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं सोनं आपल्याला मिळालेलं नाही.

विचार करा, हरलो असतो तर? फॉर्मात असलेल्या बर्मनला बसवलं, बचावपटूला पुढे नेलं, सगळी बोटं रहीमसाहेबांकडे वळली असती. ती वळावीत याची त्यांची तयारी होती, म्हणून तर तो निर्णय झाला. जो स्वतः जाब द्यायला तयार नसतो तो नेहमी सुरक्षित यादी लिहितो, नावं मोठी आणि जागा ठरलेल्या.

हे वर दिल्लीतच घडतं असं नाही. आपल्याकडच्या निवड चाचण्या पाहिल्यात कधी? मी कोणा संघटनेचं नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही. पोरं सकाळपासून उन्हात बसलेली. वीसेक मिनिटांचा सामना, त्यात एखाद्याला दोनदा चेंडू लागला तर लागला. संध्याकाळी कागदावर नावं. ज्याचं नाव नाही त्याला कोणी एक ओळही सांगत नाही, की बाबा, डावा पाय कच्चा आहे किंवा दम कमी पडतो. मग बाप म्हणतो वशिला, आई म्हणते अभ्यास कर. शहडोल जिल्ह्यातल्या बिचारपूरचं कौतुक पंतप्रधानांनी 2023 मध्ये रेडिओवरून केलं, मिनी ब्राझील म्हणून गाव देशभर पोहोचलं. छानच झालं. पण मध्य प्रदेशचा एकही क्लब आयएसएलमध्ये नाही. त्या पोरांची वाट अशाच कागदांवरून जाते, आणि कागद लिहिणाऱ्याची सही वाचता येत नाही.

शेवटी सुनील छेत्रीवर बोलायलाच हवं, कारण यादीचा सगळा गुंता त्या एका नावात आहे. जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून तो निवृत्त झाला. देशाकडून खात्यात 94 गोल. नऊ महिन्यांनी परत बोलावणं आलं, शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं 95 वा गोल केला. वय 40. लोक म्हणाले, तरुणांची जागा अडवतो. मी म्हणतो, आधी लीगचे आकडे बघा. 2024-25 मध्ये आयएसएलमधल्या भारतीयांत सर्वाधिक गोल त्याचेच, 14. पहिला नंबर मोरोक्कोच्या अजाराईचा, 23 गोल. चाळिशीच्या माणसाच्या पुढे एकही भारतीय नसेल तर त्याला बोलावणाऱ्या प्रशिक्षकाला मी दोष कसा देऊ? मार्केझ यांच्या जागी खालिद जमील आले, त्यांनी 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपला छेत्रीला बाहेर ठेवून इतरांना आजमावलं. मोहन बागाननं तर त्या स्पर्धेला आपले खेळाडूच सोडले नाहीत, म्हणजे यादी लिहिणाऱ्याच्या हातातला अर्धा कागद आधीच फाटलेला. तरीही संघ ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला. आणि ऑक्टोबरात छेत्री पुन्हा संघात.

जागा तरुणांची अडली आहे हे खरं, पण ती अडवली कोणी? 2021-22 पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी पाचाऐवजी चारच परदेशी अशी मर्यादा आली. त्या चारांतला एक तरी बहुतेक क्लब थेट गोलसमोर उभा करतात, कारण गोल करणारा तयार मिळतो. 2014 च्या पहिल्या मोसमापासून 2024-25 पर्यंत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. आपली पोरं विंगवर, मैदानाच्या कडेनं धावतात, तिथून गोलसमोर क्रॉस टाकतात आणि गोल परदेशी करतो. मग वर्षातून चार वेळा राष्ट्रीय शिबिरात आल्यावर आपण त्यांना म्हणतो, चल, आता तू कर. तिथं चुकलेल्या गोलचा जाब मी त्या पोराला विचारणार नाही. क्लबांचे मालक आणि लीगचे नियम ठरवणारे लोक समोर बसवा, त्यांना विचारतो. प्रत्येक क्लबानं मोसमातली ठरावीक मिनिटं भारतीय सेंटर फॉरवर्डला द्यायचीच, असा नियम निदान दोन मोसम करून बघायला काय हरकत आहे? सामने थोडे रटाळ होतील, होऊ देत. रहीमसाहेबांना स्टॉपरचा फॉरवर्ड करावा लागला तो टाके पडले म्हणून, दोन सामन्यांपुरता. हे केलं नाही, तर आपल्यावर धडधाकट संघ असतानाही तीच वेळ येईल.

नमस्कार.