आजीची 'बॉलिंग'

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गाला मी इंग्रजीत निबंध लिहायला दिला होता, 'आमच्या घरातलं लग्न'. एका मुलीनं ताईची पाठवणी फार जीव ओतून लिहिली होती. गाडी निघाली, ताईनं खिडकीतून हात बाहेर काढला, आणि पुढचं वाक्य होतं, 'माय ग्रँडमदर वॉज बॉलिंग.' मी ते मोठ्यानं वाचलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. पोरांच्या डोळ्यांसमोर नऊवारीतली आजी रनअप घेत होती.

मुलीनं शब्दकोशात 'मोठ्यानं रडणे' एवढं बघून शब्द उचलला होता. कोश चुकला नव्हता. पण ज्यानं 'बॉल' केलं म्हणतात ते बहुधा दुकानात खेळणं न मिळालेलं पोर असतं, फरशीवर लोळण घेतलेलं. मोठी माणसं स्वतःबद्दल हा शब्द वापरतात तेव्हा स्वतःलाच थोडं हसत असतात. थोडक्यात, ताईची गाडी निघाली आणि आजीनं भोकाड पसरलं, असं त्या वाक्यात लिहिलेलं होतं.

इंग्रजीत रडण्यासाठी शब्द भरपूर आहेत. पण त्यातले बरेचसे शब्द रडणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याबद्दल जास्त सांगतात, असं मला वाटतं. 'वीप' म्हणणारा मान खाली घालून उभा असतो. 'ब्लबर' म्हणणाऱ्याला समोरचा ओघळता चेहरा बघवत नाही. 'स्निव्हल' म्हणणारा तर शेंबडासकट हिशेब मांडतो.

आणि आपला सगळ्यात ओळखीचा 'क्राय'? तो मुळात रडणारा नाहीच, तो ओरडणारा. लॅटिनमधल्या 'क्विरितारे' या क्रियापदापासून तो फ्रेंचमध्ये आला आणि नॉर्मन राजवटीनंतर, तेराव्या शतकाच्या सुमारास, इंग्रजीत. वॅरो नावाच्या रोमन पंडितानं त्याची फोड केली होती, 'क्विरितेस'ना, म्हणजे रोमच्या नागरिकांना, मदतीसाठी हाक मारणं. फोड खरी असो वा नसो, त्यात अश्रू कुठेच नाहीत. इंग्लंडात दवंडी देणारा तो 'टाउन क्रायर'. 1285 सालच्या कायद्यानं 'ह्यू अँड क्राय'ची पद्धत पक्की केली. चोरी झाली की आरडाओरडा करायचा आणि तो ऐकून आसपासच्या लोकांनी चोरामागे धावायचं. डोळ्यांतलं पाणी या शब्दात नीट मुरलं ते सोळाव्या शतकाच्या आसपास. म्हणून जुन्या गोष्टीत कुणी 'हेल्प!' म्हणून 'क्राइड' असेल, तर तो ओरडलेला असतो. आमची मुलं त्याला हमखास रडवतात. त्यांना तरी काय बोल लावायचा? आपला 'टाहो' ऐकताना तरी हाक कुठं संपली आणि रडू कुठं सुरू झालं, हे कुणाला सांगता येतं?

'क्राय' घरात शिरल्यावर जुना, अस्सल इंग्रजी 'वीप' देवघरात गेला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमधलं सर्वात छोटं वचन दोनच शब्दांचं आहे, 'जीझस वेप्ट'. मित्र लाझरस वारला आहे, बहीण रडते आहे, आणि येशू रडला. मूळ ग्रीकमध्ये बहिणीच्या आणि जमलेल्या लोकांच्या रडण्याला आक्रोशाचं क्रियापद आहे. येशूसाठी मात्र वेगळं आहे, नुसतं अश्रू ढाळल्याचं. इंग्रजीनं दोन्हीकडे 'वीप' वापरला आणि तो फरक पुसला गेला. मला याची चुटपुट लागते. गंमत म्हणजे, आज ब्रिटनमध्ये हेच पवित्र वचन लोक वैतागल्यावर उच्चारतात, आपण 'अरे देवा!' म्हणतो तसं.

देवघरातला हा शब्द बांधकामावरही जातो. आपल्या घाटातल्या संरक्षक भिंतींना बारीक नळ्या ठेवलेल्या दिसतात. मागं साचलेल्या पाण्याचा दाब भिंतीवर येऊ नये म्हणून त्या असतात. इंजिनियर लोक त्यांना 'वीप होल' म्हणतात.

आता स्कॉटलंडमध्ये चला. माझी मावसबहीण ग्लासगोजवळ राहते. नवीन असताना शेजारीण तिला म्हणाली, 'द वेन्स बीन ग्रीटिन ऑल नाइट.' वेन म्हणजे तान्हं बाळ, हे तिला कळलं होतं. पण ते रात्रभर सगळ्यांना नमस्कार का करत होतं, हे काही कळेना. ती कौतुकानं म्हणाली, 'वा, हाऊ स्वीट!' जागरणानं डोळे तांबारलेल्या त्या आईचा चेहरा तिला अजून आठवतो. स्कॉट लोकांच्या बोलीत 'ग्रीट' म्हणजे रडणं. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, एक अभिवादनाचं, एक रडण्याचं. उच्चार घासत घासत एकसारखे झाले आणि इंग्लंडच्या दक्षिणेनं रडण्याचं टाकून दिलं.

एका शब्दात तर अख्खी बाई अडकली आहे. बायबलमधली मग्दालीया मरीया चित्रकारांनी कायम डबडबलेल्या डोळ्यांची रंगवली. तिच्या नावाचा जुना इंग्रजी उच्चार 'मॉडलिन'. ऑक्सफर्डमधल्या तिच्या नावाच्या कॉलेजला आजही तसंच म्हणतात. आणि 'मॉडलिन' झालेला माणूस कोण? दोन पेग पोटात गेल्यावर गळ्यात पडून रडणारा. चित्रातल्या त्या बाईनं काय पाप केलं होतं, कोण जाणे.

अशीच चेष्टा 1907 साली न्यूयॉर्कमध्ये झाली. हॅरी थॉ या धनिकावर खुनाचा खटला चालू होता आणि त्याच्या बातम्या देणाऱ्यांत काही महिला पत्रकार होत्या. त्यांना 'सॉब सिस्टर्स' म्हणायला लागले, हुंदके देणाऱ्या ताया. पुरुष वार्ताहरही काही कोरडं लिहीत नव्हते, पण 'सॉब ब्रदर्स' कुणी म्हटलं नाही.

तर ती निबंधवाली मुलगी. मी तिला 'वेप्ट' सुचवलं. ती जरा थांबून म्हणाली, "बाई, हा फार मोठा शब्द वाटतो. आमची आजी तशी नाहीये." मग तिनं साधं 'क्राइड' लिहिलं आणि पुढं एक वाक्य स्वतःहून घातलं. आजीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, लाडवांचा डबा गाडीत ठेवलात ना?