२ केबीत कांद्याची रांग

(दृश्य: लासलगाव बाजार समिती. लिलाव झालेल्या ट्रॉल्या वजनकाट्याकडे वळतायत.)

आणखी एक काटा बसवला तर ही रांग किती आटोपेल? काटा विकत घेण्याआधी सिम्युलेशन, म्हणजे आकड्यांतली नक्कल, करून पाहता येतं. समजा, सरासरी ४ मिनिटांनी एक ट्रॉली येते. पुढची ट्रॉली किती मिनिटांनी? उणे ४ गुणिले 'यू'चा नैसर्गिक लॉग. यू म्हणजे ० आणि १ यांच्या मधला रँडम आकडा. तोच खोटा निघाला तर रांगही खोटी.

(दृश्य: टेबलावर आर्डुइनो उनो आर३, एक छोटा संगणक-बोर्ड.)

सिम्युलेशन यावरच चालवायचं. या बोर्डाची रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती, २,०४८ बाइट. रँडम आकडे काढायला पीसीवर सर्रास चालणाऱ्या मर्सेन ट्विस्टर या रीतीला नुसत्या साठ्यालाच २,४९६ बाइट लागतात, म्हणजे तो बाद. १९८२ ची विचमन-हिल रीत मात्र एक्स, वाय, झेड अशा तीन आकड्यांत भागते. एक्सला १७१ ने गुणा, ३०२६९ ने भागा, बाकी ठेवा. वायला १७२ आणि ३०३०७. झेडला १७० आणि ३०३२३. प्रत्येक बाकी आपापल्या भाजकाने भागा, तिन्हींची बेरीज करा. पूर्णांक सोडून उरतो तो यू. आकड्यांची फेरी पुन्हा सुरू व्हायला जवळपास ७ लाख कोटी आकडे जावे लागतात.

(दृश्य: सिरियल मॉनिटर, म्हणजे बोर्डाचे आकडे दाखवणारी पीसीवरची खिडकी, जवळून.)

तपासणीसाठी एक्स, वाय, झेडची सुरुवात १, १, १. पहिला ०.०१६९३, दुसरा ०.८९५२५. दोन्ही बरोबर. तिसरा ०.१११४९ हवा होता, आला उणे ०.१९९९३! उनोवर इंट या पूर्णांकाच्या प्रकाराची धाव ३२,७६७ पर्यंत. १७१ गुणिले १७१ त्यात मावतं, पुढचा गुणाकार ५० लाखांवर जातो. दोन आकडे पाहून समाधान मानणारा इथेच फसतो. ऋण आकड्याला लॉग नाही, मग ट्रॉली 'नॅन' (आकडाच नाही) मिनिटांनी येते. इंटच्या जागी लाँग हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार लिहा, मिटलं.

सीड, म्हणजे सुरुवातीचे आकडे, १ ते ३०,००० मधले घ्या. शून्य दिलं तर त्या आकड्याची साखळी शून्यावरच बसून राहते. काही न जोडलेल्या ॲनालॉग (व्होल्टेज मोजणाऱ्या) पिनेवरून सीड उचलायची सवयही नको. तिथे जास्तीत जास्त १,०२४ वेगळ्या सुरुवाती मिळतात.

आता १०,००० आकडे १० खणांत टाका. काय-वर्ग, म्हणजे वाटणी समान वाटणीपासून किती दूर याचं माप, १६.९२ च्या वर गेला तर संशय घ्या. ३.३३ च्या खाली आला तरी घ्या. इतकी समान वाटणी सहसा होत नाही.

(दृश्य: पुन्हा काटा.)

ट्रॉल्या येण्याला सीडचं एक त्रिकूट, वजनाच्या वेळेला दुसरं. एका काट्यावर चालवा, मग तीच त्रिकुटं ठेवून दोन काट्यांवर. ट्रॉल्या त्याच मिनिटाला येतील, बदलेल ती फक्त रांग.