रात्री तीन वाजता किती हात?

नमस्कार श्रोतेहो.

वृद्धांच्या निवासी केंद्रात आपलं माणूस ठेवलं की आपण भेटायला जातो ते दुपारी चार-पाचला. फरशी पुसलेली असते, आजी केस विंचरून खुर्चीत बसलेल्या असतात. मला आज बोलायचंय ते रात्री तीनबद्दल.

समजा, 40 रहिवासी आहेत आणि रात्रपाळीला 2 मदतनीस. त्या चाळिसांतल्या 12 जणांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. अशा माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायचा प्रघात आहे. भार एकाच जागी राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच कातडीला इजा सुरू होते. माकडहाड, खुबा, टाचा. कूस बदलायची, ओलं डायपर काढायचं, अंग कोरडं करायचं, दोघांनी मिळून केलं तरी माणशी 10 मिनिटं धरा. बारा दाहे एकशेवीस. संपले 2 तास! आणि लगेच पहिल्यापासून पुन्हा सुरुवात.

तेवढ्यात उरलेल्या 28 जणांपैकी कुणाला लघवीला जायचं असतं. घंटी वाजत राहते. आजोबा वाट बघतात, बघतात आणि शेवटी स्वतःच उठतात. खुब्याचं हाड मोडतं ते अशा वेळी. सकाळी रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, 'रहिवासी मदत न मागता उठले.' त्यांनी मदत मागितली होती. तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

मग पलंगाचे कठडे वर केले जातात. झोपेची गोळी दिली जाते. याला सुरक्षितता म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढून उतरू पाहतो आणि जास्त उंचीवरून पडतो. गोळीनं तोल जातो तो वेगळाच.

जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेली एक माहिती आहे. अशा संस्थांत काम करणाऱ्या 3 पैकी 2 कर्मचाऱ्यांनी, गेल्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी गैरवर्तन झालं, असं स्वतःच सांगितलं. हे सगळे निर्दय आहेत, असं मला वाटत नाही. गैरवर्तनाला क्षमा नाहीच. पण अपुऱ्या माणसांत सलग पाळ्या करून थकलेला हात हिसका देतो, हेही खरं. शिवाय अशी माणसं टिकत नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना 'दुखतंय' असं सांगता येत नाही. सहा महिने त्यांना भरवणारी बाई त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून ते ओळखते. ती सोडून गेली की ती ओळखही जाते, आणि नव्या मुलीला आजी फक्त 'त्रास देणाऱ्या' वाटतात.

इथं प्रमुखाचा प्रश्न येतो. कुणी पडलं की प्रमुख पहिल्यांदा काय विचारतो? 'ड्युटीवर कोण होतं?' असं विचारलं, तर पुढची घटना कुणी नोंदवणार नाही. चुकीची गोळी दिली गेली तरी झाकली जाईल. कूस बदलल्याच्या तक्त्यावर रात्रभराच्या खुणा पहाटे एकदमच होतील. अपघातांची वही वर्षभर कोरी असेल, तर मला धडकी भरते. आणि 'त्या वेळी किती जण होते, घंटी किती वेळ वाजत होती?' असं विचारणारा प्रमुख असेल, तर निदान खरं काय ते बाहेर येतं. पण त्यानं रात्री अधूनमधून स्वतः फेरी मारायला हवी. दर काही महिन्यांनी प्रमुखच बदलत असेल, तर हे कोण करणार?

तर श्रोतेहो, पुढच्या वेळी सुट्टीच्या दिवशी किंवा उशिरा संध्याकाळी जा. रात्री किती जण असतात, आणि एक आला नाही तर त्याच्या जागी कोण येतं, ते विचारा. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का, घंटीची दोरी उशीपाशी आहे की मागे लोंबकळतेय, ते बघा. आणि पांघरूण हळूच बाजूला करून आपल्या माणसाच्या टाचा बघा.

नमस्कार.