निळा रंग धुवून जातो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. घरी सायनोटाइप, म्हणजे कागदाला लोहयुक्त रसायनाचं कोटिंग लावून, त्यावर पान किंवा निगेटिव्ह काचेखाली दाबून उन्हात ठेवायचं आणि पाण्याने धुवून निळी प्रिंट काढायची, ते करणाऱ्यांशी आज बोलायचंय, आणि ज्याने सगळ्यात जास्त जीव जळतो तेच पहिले घेतो. प्रिंट उन्हात छान आली, धुवायला टाकली आणि निळा रंग डोळ्यादेखत निघून गेला.

अशा वेळी जो तो उन्हाचा टाइम वाढवत बसतो. पण राजेहो, आधी रंग कधी गेला ते बघा. पाण्यात टाकल्या टाकल्याच वाहून गेला तर ऊन कमी पडलंय, पुढच्या वेळी गडद भाग राखाडी, जरासा तांबूस दिसेपर्यंत कागद उचलू नका. पण आधी झकास निळा आला आणि मग हळूहळू फिका, पिवळट होत गेला तर दोष पाण्याचा. १८४२ मध्ये जॉन हर्शेलने ही पद्धत शोधली तेव्हापासून हा निळा म्हणजे प्रशियन ब्लू नावाचा रंगच आहे आणि त्याला अल्कली, म्हणजे सोड्यासारखं ॲसिडच्या उलट गुणाचं काहीही, अजिबात सोसत नाही, मग आपलं बोरिंगचं पाणी, ज्याने बादलीला पांढरा थर धरतो, त्यात तो टिकणार कसा? एकाच प्रिंटचे दोन तुकडे करा, एक बोरिंगच्या पाण्यात धुवा, दुसरा त्याच पाण्यात थोडं व्हिनेगर टाकून, लिंबू पिळलं तरी चालतं, फरक लगेच कळतो. टॉयलेट क्लीनरसारखं जोरदार ॲसिड मात्र कधीच नको, कोटिंगमधल्या फेरिसायनाइड नावाच्या रसायनासोबत त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कागदाचंही तेच. झेरॉक्सच्या कागदात बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेट असतं, आणि 'ॲसिड-फ्री' लिहिलंय म्हणून महागडा घेतला तरी त्यात मुद्दाम अल्कली घातलेलं असू शकतं, म्हणून आधी छोटा तुकडा छापून बघा आणि मगच गठ्ठा घ्या.

आता आपल्याकडचा खास प्रॉब्लेम, कूलर. उन्हाळ्यात कोटिंग केलेला कागद लोक कूलरच्या खोलीतच वाळवतात, त्या ओल्या हवेत तो नीट वाळत नाही आणि उन्हात नेण्याआधीच हिरवट-निळा पडायला लागतो, मग पांढरा भाग पांढरा राहतच नाही. अंधाऱ्या, कोरड्या खोलीत साध्या पंख्याखाली वाळवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. पावसाळ्यात तर नक्कीच.

संत्र्याचं ताजं पान ठेवून छापताना काचेखाली वाफ धरते आणि डाग पडतात, पान आधी पेपरात दाबून सुकवा. आणि कडा धूसर येत असतील तर काच कागदाला घट्ट टेकलेली नाही, चारही बाजूंनी क्लिपा लावा.

कापडावर छापलं असेल तर ते वॉशिंग पावडरमध्ये चुकूनही टाकू नका, त्यातल्या सोड्याने एका धुण्यातच निळा जाऊ शकतो, रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत वाळत घाला.