देठ खुडणाऱ्या हातांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायांचे हात कधी जवळून पाहिलेत? डाव्या हातात मिरची, उजव्या अंगठ्याचं नख देठाच्या बुडाशी, मनगट मुरडलेलं, एक झटका. लगेच दुसरी मिरची. दिवस मावळेपर्यंत हेच.

मग रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. करंगळी मात्र ठीक असते, कारण मनगटाच्या अरुंद बोगद्यात दबते ती मधली नस. करंगळीची नस तिथून जात नाही. घरचे म्हणतात, वय झालं. अहो, पस्तिशीतल्या बाईचं कसलं वय झालं?

दुखणं लागण्याआधीच कामातला धोका मोजता येतो. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याची ‘आर्ट’ नावाची पद्धत आहे. हाताची तीच ती हालचाल मिनिटाला २० पेक्षा जास्त वेळा होत असेल तर ६ गुण. सलग ४ तास किंवा जास्त वेळ विसावा नसेल तर ८. इथेच १४ झाले, आणि १२ पासून मध्यम धोका धरतात, २२ पासून मोठा. मुरडलेलं मनगट, चिमटीची पकड, लागणारा जोर यांचे गुण अजून धरलेलेच नाहीत. काम ८ तासांच्या वर गेलं तर बेरजेची दीडपट करायची. आणि जोर किती लागतो, हे बघणाऱ्याने ठरवायचं नाही. काम करणारीलाच विचारायचं.

व्यापारी आणि मुकादमांनो, मोबाइलचं घड्याळ लावून एक मिनिट मोजून तर बघा. दर तास भरायच्या आत पाच-दहा मिनिटं हात मोकळे राहिले, तर ते ८ गुण शून्यावर येतात. पण मजुरी किलोवर असेल तर विसावा घेणारीचे पैसे बुडतात. ती कशाला थांबेल? म्हणून विसाव्याचा वेळ धरूनच दर ठरवा. मधूनमधून पसरणीचं किंवा दुसरं काम द्या, म्हणजे हाताची चाल बदलेल. कापूस वेचणीलाही हाच हिशेब लावा.

आणि मायबहिणींनो, रात्रीच्या मुंग्या थांबत नसतील तर दवाखान्यात जा. तिथे ‘हात दुखतो’ एवढ्यावर थांबू नका. दिवसभर हाताने काय करता, ते करून दाखवा.